कौतुकाचा वाटा



आपल्या मंडळ्यांतील एका उपदेशकबंधूंनी आम्हांस कळकळीने एक प्रश्न विचारला आहे. त्यांस सहा मुले आहेत. मुलाने एखादी शहाणपणाची गोष्ट केली म्हणजे त्यांची छाती फुगते. त्याने एखादी वेडगळ गोष्ट केली म्हणजे हसू आवरत नाही. आणि दोन्ही गोष्टी चार घरी सांगितल्यावाचून त्यांस राहवत नाही. मग रात्री मनास बोचणी लागते की, गर्व हे जर पाप आहे, तर आपल्या मुलांचा गर्व हे पाप नव्हे काय? आम्ही त्यांस पत्राने दोन ओळी लिहिल्या. परंतु हा प्रश्न त्यांच्या एकट्याच्या घरचा नव्हे, म्हणून त्याचा येथे थोड्या विस्ताराने विचार करू.

प्रथम शब्दच पाहा. आपल्या मराठीत ह्या भावनेस कौतुक, अभिमान व गर्व असे निरनिराळे शब्द आहेत. पैकी कौतुक ह्याचा मूळ अर्थ नवल असा आहे. पहिल्या पावसानंतर वावरात कोंब दिसू लागले म्हणजे शेतकरी बांधावर उभा राहून पाहतो, ते कौतुक. नांगरट त्याची, बी त्याचे, घाम त्याचा. पण कोंब आपण काढिला नाही हे त्यास पक्के ठाऊक असते. गर्विष्ठ मनुष्य मात्र कोंबही आपल्याच खात्यावर मांडतो. मुलाकडे पाहून आनंदाने नवल करणे हे पाप आहे असे आम्हांस मुळीच वाटत नाही. त्या नवलास आपल्या कर्तबगारीचा शिक्का मारू लागलो म्हणजे मात्र सावध झाले पाहिजे.

ह्याची एक खूण प्रत्येकाच्या घरी सापडेल. मुलगा परीक्षेत वर आला म्हणजे बाप म्हणतो, "ह्याचे पाय पाळण्यातच दिसले होते. शेवटी मुलगा कोणाचा!" तोच मुलगा पुढील वर्षी गणितात नापास झाला म्हणजे हाच बाप स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणतो, "तुझ्या मुलाने काय दिवे लावले ते पाहा." एका वर्षात मुलाची मालकी बदलली! सातबाऱ्यावरील नावसुद्धा इतक्या लवकर बदलत नाही.

आता दुसरी बाजू. कौतुक फार झाल्याने जितकी मुले बिघडली असतील, त्यांहून अधिक मुले आपल्या लोकांत कौतुकावाचून सुकली असतील, असे आमचे मत आहे. आणि ह्यास जुने कारण आहे. पूर्वी ज्या घरी लागोपाठ मुले दगावत, तेथे पुढे झालेल्या मुलाचे नाव दगडू, धोंडू, केरू, भिकू असे मुद्दाम हलके ठेवीत. हेतू हा की, दगडाकडे किंवा केराकडे कोण ढुंकून पाहणार? काजळाची तीट लावीत तीही ह्याच हेतूने. त्या आयांस कोणी हसू नये. जिने तीन लहानगी मातीत ठेविली, तिने चौथ्यास दगडू म्हणावे यात प्रेमच आहे. पण ते भ्यालेले प्रेम आहे. आपल्या वाडवडिलांनी ख्रिस्ती झाल्यावर तीट पुसली, नावे बदलली. परंतु ती भीती पुष्कळ घरांत तशीच राहिली. आजही एखाद्या आजीबाईंपुढे "बाळाने छान बाळसे धरले आहे" असे म्हणून पाहा. त्या घाईघाईने म्हणतील, "कसले बाळसे! रात्रभर रडतो मेला." अशा घरी मुलगा मोठा होतो, शिकतो, नोकरीस लागतो, आणि आपल्या बापास आपल्याविषयी काय वाटत होते हे त्यास कधी कधी बापाच्या दफनाच्या दिवशी शेजाऱ्यांकडून कळते. अशी दोन उदाहरणे आम्ही स्वतः पाहिली आहेत.

एकच मूल असले म्हणजे घरातील सर्व कौतुक त्याचेच. सहा-सात मुले असली म्हणजे ते भाकरीसारखे वाटावे लागते. अशी घरे आता थोडी उरली. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात दर स्त्रीमागे मुलांचे प्रमाण अवघे १.७ इतके निघाले. तथापि कोठे सख्खी, कोठे चुलत, कोठे पोरकी म्हणून आणलेली, अशी मुले एका छपराखाली वाढविणारी घरे आपल्या मंडळ्यांत अद्याप आहेत. आमच्याही घरी आमची चार, व आमचे थोरले बंधू परलोकवासी झाल्यापासून त्यांची तीन, अशी सात मुले आहेत. यास्तव वाटणीचा हा प्रश्न आम्हांस रोज ताटावर सोडवावा लागतो.

अशा घरात हसण्यास तोटा नाही, हे कबूल केले पाहिजे. एस.टी.त पाच वर्षांखालील मुलास तिकीट लागत नाही व पाच ते बारा वर्षांपर्यंत अर्धे लागते, हे वाचकांस ठाऊक आहेच. आमचा धाकटा पाच वर्षांचा झाला, तेव्हा वाहकाने विचारण्याच्या आतच त्याने आसनावर उभे राहून, "मी परवा पाच वर्षांचा झालो, मला तिकीट द्या," असे साऱ्या गाडीस ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले. ते तिकीट त्याने घरी येईपर्यंत मुठीत धरून ठेविले होते. घामाने त्याचा लगदा झाला तरी सोडिले नाही. पण गंमत पुढेच आहे. मार्च २०२३ पासून स्त्रियांसही एस.टी.त अर्धे तिकीट झाले आहे. वाहकाने त्याच्या आईस अर्धे तिकीट दिलेले पाहून हा चकित झाला, व हळूच आम्हांस विचारू लागला, "बाबा, आई अजून बारा वर्षांची झाली नाही काय?" मागील बाकावरील दोन म्हाताऱ्या बाया पदर तोंडाशी धरून पुढच्या थांब्यापर्यंत हसत होत्या. मुलांची आई तर ती गोष्ट अद्यापि आनंदाने सांगते.

हे हसणे सोपे. यात कोणाचे काही गेले नाही. आता एक कठीण गोष्ट सांगतो. गूळ किंवा चिक्की घरात आली म्हणजे जो फोडील त्याने सर्वांच्या शेवटी उचलावे, असा आमच्या घरी नियम आहे. ह्या नियमाने मुलांची नजर सोनाराच्या काट्यासारखी झाली आहे. एके दिवशी फोडण्याची पाळी आमच्या नऊ वर्षांच्या पुतण्याची होती. त्याने सात वाटे अगदी सारखे केले. मग थोडा वेळ पाहत बसला. आणि प्रत्येकातून थोडे थोडे मोडून आणखी दोन वाटे केले. सर्वांनी एकच ओरड केली. ते दोन वाटे काका-काकूंचे आहेत हे कळल्यावर आमच्या तिसरीने तत्काळ निदान केले की, मोठ्या माणसांचे दात दुखतात, त्यांस चिक्की चालत नाही. पण पुतण्या बधला नाही, व नियमाप्रमाणे उरला तो सर्वांत लहान तुकडा त्याने उचलला.

आम्ही हे दारातून पाहत होतो. जवळ जाऊन त्याच्या पाठीवर हात ठेवावा असे मनात आले. मग विचार आला की, चांगुलपणा केला की शाबासकी मिळते हे एकदा कळले, म्हणजे पुढच्या खेपेस हा वाटा चांगुलपणाने काढील की शाबासकीसाठी? उजव्या हाताचे डाव्या हातास कळू नये, ही शिकवण मुलांसही लागू नाही काय? म्हणून आम्ही उगे राहिलो. परंतु मुलांच्या आईचे मत अगदी उलट पडले. ती म्हणाली, "पोटच्या मुलांस न बोलता कळते. ह्या लेकरास सांगितल्यावाचून कसे कळणार?" ह्या प्रश्नास आम्हांस अद्याप उत्तर सुचलेले नाही. त्या रात्री तिने त्यास जवळ घेऊन काय सांगितले हेही आम्हांस ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी तो शीळ घालीत शाळेस गेला, इतके आम्ही पाहिले.

हीच अडचण तीनशे वर्षांपूर्वी इंग्लंडातील एपवर्थ गावच्या पाळकाच्या घरी पडली होती. त्या घरची माता सुझान्ना वेस्ली (१६६९–१७४२) ही आपल्या बापाचे पंचविसावे अपत्य. तिला स्वतःस एकोणीस मुले झाली. नऊ तान्हेपणीच गेली, दहा जगली. पुढे प्रसिद्धीस आलेले जॉन व चार्ल्स वेस्ली हे त्यांपैकीच होत. घरात नित्य कर्ज. पाळकसाहेब १७०५ साली कर्जापायी काही काळ तुरुंगात होते. १७०९ साली घर जळून खाक झाले. अशा संसारात एकेका मुलाकडे निराळे पाहण्यास त्या बाईस वेळ कोठून मिळाला असेल? तो तिने कसा काढिला याचा धागा आपल्या देशाशी जुळतो, हे पुष्कळांस ठाऊक नसेल. १७०६ साली तामिळ देशाच्या किनाऱ्यावर तरंगंबाडी येथे त्सीगेनबाल्ग व प्लूचाव हे दोन मिशनरी डेन्मार्कच्या राजाच्या आश्रयाने येऊन उतरले. त्यांच्या कार्याची हकीकत छापून इंग्लंडास गेली व एपवर्थच्या घरी वाचण्यात आली. ती वाचून ह्या मातेच्या मनाने घेतले की, आपणांस समुद्रापार जाता येत नाही, तर निदान घरातील प्रत्येक लेकराशी आठवड्यातून एकदा रात्री एकेकट्याने बोलत बसावे. तिने वार ठरविले. सोमवार मॉलीचा, मंगळवार हेटीचा, गुरुवार जॉनचा, शनिवार चार्ल्सचा, याप्रमाणे. जॉन विद्वान होऊन दूर राहू लागला, तेव्हाही त्याने आईस लिहून आपला तो गुरुवारचा वेळ मागितला होता.

त्याच बाईने १७३२ साली आपली मुले शिकविण्याची रीत लिहून ठेविली आहे. तीत एक गमतीचा मजकूर आहे. मूल पाच वर्षांचे झाले की एका दिवसात त्यास सर्व अक्षरे शिकवावयाची, असा तिचा परिपाठ. सर्वांनी ती एका दिवसात शिकून घेतली. मॉली व नॅन्सी ह्या दोघींस मात्र दीड दिवस लागला. तेवढ्यावरून आईस त्या मठ्ठ वाटल्या! पुढे इतरांच्या मुलांस किती दिवस लागतात हे पाहिल्यावर तिने आपले मत बदलले. बिचाऱ्या मॉली व नॅन्सी! दुसऱ्या कोणत्याही घरी त्यांची वाहवा झाली असती. मोठ्या कुटुंबातील मुलाची उंची गावातील मुलांशी मोजली जात नाही, ती थोरल्या भावाच्या खुणेशी मोजली जाते, आणि शाळेतील गुरुजीही त्यास नाव विचारण्याऐवजी, "तू अमक्याचा भाऊ ना?" असे विचारतात.

पण एपवर्थची गोष्ट येथे थांबवून वाहवा करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. जगलेल्या दहांत तीन मुलगे व सात मुली होत्या. पैकी हेटी ही फार बुद्धिमान. आठव्या वर्षी ती ग्रीक नवा करार वाचीत असे असे सांगतात, आणि तिने कविताही केल्या. तरुणपणी तिचे पाऊल चुकले. तेव्हा १७२५ साली नळकाम करणाऱ्या एका मनुष्याशी तिचे लग्न घाईने लावून देण्यात आले. तो संसार दुःखाचा झाला, आणि बापाने तिला मनापासून क्षमा केली नाही. भाऊ जॉन याने तिची बाजू घेतली, त्याचाही बापास राग आला. मुलगी ग्रीक वाचीत होती तेव्हा ती बापाचे भूषण होती. पडली तेव्हा ती कोणाची? सातबाऱ्याची गोष्ट आम्ही वर हसून लिहिली, ती पाळकाच्या घरीही अशी रडविणारी होऊ शकते.

आपल्याकडील एक घर सांगतो. गावाचे नाव नको. भावंडे आठ. थोरली मुलगी आठवीतून शाळेबाहेर निघाली, कारण आई मजुरीस जाई व तान्ही मुले सांभाळण्यास कोणी नव्हते. तिच्या पाठचा मुलगा दहावीस पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाला. बापाने पेढे आणिले, मंडळीस बोलाविले, मुलास मध्ये बसविले. थोरली आत चहा करीत होती. सर्वांनी मुलाची व मग बापाची स्तुती केली. इतक्यात पाच-सहा वर्षांची धाकटी पेढा खाता खाता मोठ्याने म्हणाली, "पाढे तर ताईने शिकविले, मग पेढे दादाचे कसे?"

सर्व हसले. बापही हसला, पण त्याचा चेहरा उतरला. ही गोष्ट आम्हांस त्यानेच सांगितली. त्या वर्षी सहामाहीच्या सुटीपूर्वी त्याने थोरलीसाठी खासगी विद्यार्थ्यांचा १७ नंबरचा फॉर्म भरला. आता ती दहावीस बसण्याची तयारी करीत आहे, व बीजगणित तिला तो भाऊच शिकवितो. धाकटीस आपण काय केले हे अजून कळलेले नाही. तिला त्या दिवशी दुसरा पेढा हवा होता, असे तिच्या आईचे म्हणणे.

शमुवेल संदेष्टा इशायाच्या घरी आला, तेव्हा बापाने सात मुलगे एकामागून एक त्याच्यापुढून चालविले. आणखी कोणी आहे काय, असे विचारल्यावर त्यास आठवण झाली की, एक आहे खरा, पण तो मेंढरे राखतो. इशाय दुष्ट बाप नव्हता. जे मूल कामावर असते ते कौतुकाच्या वेळी खोलीत नसते, एवढीच गोष्ट. आणि मोठ्या घरात कोणी ना कोणी नेहमीच कामावर असते. बहुधा ती मुलगी असते.

आता हसण्याविषयी. उपदेशकबंधू विचारतात की, मुलांच्या गमती चार घरी सांगाव्या काय? येथेही आपली भाषा आपणांस मदत करते. हसू येणे निराळे व हसे होणे निराळे. एका घरी लहान मुलगा रात्री प्रार्थना करताना शेळीच्या तिन्ही करडांची नावे घेऊन, त्यांतील एकाच्या लंगड्या पायासाठी इतकी लांब विनंती करी की, कालवण निवून जाई. घरची माणसे गालातल्या गालात हसत व थांबत. पुढे बापाने ही गोष्ट पन्नास माणसांच्या सभेत, मुलगा समोर असता, त्याच्या बोबड्या आवाजाची नक्कल करून सांगितली. सभा लोटपोट झाली. त्यानंतर कित्येक दिवस तो मुलगा मोठ्याने प्रार्थना करीना. करडू मात्र तसेच लंगडत होते.

आणि आता गंमत चार घरी जात नाही. मोबाइलवरून चारशे घरी जाते, व मूल वीस वर्षांचे झाले तरी तेथेच राहते. व्हॉट्सॲपच्या गटावर रडक्या मुलाचे चित्र पाठविण्यापूर्वी आईबापांनी लक्ष्मीबाई टिळकांचे (१८६८–१९३६) 'स्मृतिचित्रे' हे पुस्तक पुन्हा उघडून पाहावे. १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेल्या त्या पुस्तकात घरच्या फजितीस सीमा नाही. स्वतःची मुले आणि वर लोकांची मुले घरात. तरी वाचताना कोणाचे हसे झाले असे वाटत नाही, कारण त्या बाई सर्वांत आधी स्वतःस हसतात. घरात ज्यास हसण्याची फार हौस असेल त्याने आरंभ आपल्यापासून करावा. मग मुलेही सांगू लागतात, आणि त्यांच्याजवळ आपल्याविषयी केवढा साठा आहे हे ऐकून मनुष्य थक्क होतो. आम्ही उपदेश करताना चष्मा किती वेळा वर सारतो याची आमच्या घरी मोजदाद असते. मागील रविवारचा आकडा एकतीस होता.

कोणी म्हणतील, मग सर्वांस सारखेच म्हणावे म्हणजे झाले. तसेही नव्हे. एकाची शाबासकी झाली की उरलेल्या सहांस त्याच मापाने देणे हे मुले लगेच ओळखतात, व त्याची किंमत करीत नाहीत. याकोबाचे योसेफावर विशेष प्रेम होते. प्रेमावर कोणाची सत्ता चालत नाही. परंतु पायघोळ झग्याचे काय? ज्या मुलास दहा थोरले भाऊ, त्याच्या अंगी नवा झगा येतो तरी कसा? मोठ्या घरात कपडा वरून खाली येतो. त्याच्या गुडघ्याला एकाचे ठिगळ, कोपराला दुसऱ्याचे. त्या सर्व घरात आधी कोणीही न वापरलेला असा तो झगा, आणि योसेफ तो घालून भावांस भेटावयास गेला. भावांनी केले ते घोर पाप. पण झगा बापाने शिवविला होता. प्रत्येकास त्याचे स्वतःचे, दुसऱ्यास न बसणारे, असे काही द्यावे: एकास त्याच्या नेटाबद्दल, एकीस तिच्या खरेपणाबद्दल, एकास केवळ तो घरी आला याबद्दल. ते देण्यास आधी पाहावे लागते, व पाहण्यास वेळ लागतो.

म्हणून एपवर्थच्या मातेची रीत आम्ही आमच्या घरी चालू केली आहे. दिवस सात व मुले सात, हा हिशेब सोयीचा पडला. जेवणानंतर अर्धा तास, ज्याचा वार त्याने ओट्यावर येऊन बसावे. इतरांनी मध्ये येऊ नये. कोणी बोलतात, कोणी नुसतेच पाय हलवीत बसतात. उपदेश करावयाचा नाही, असे मुलांच्या आईने आम्हांस बजाविले आहे, व ती आतून कान देऊन असते. पुतण्याचा वार बुधवार; तो तीन बुधवार काही बोलला नाही, चौथ्या बुधवारी वडिलांच्या आवाजाविषयी विचारू लागला. तिसरीचा वार शुक्रवार होता. तो तिने दोन पेरू घेऊन धाकट्यास विकला आहे, असे आम्हांस काल समजले. ती म्हणते, पुढच्या महिन्यात पेरू महाग होतील, तेव्हा ती परत घेणार आहे.